केतकीचा काजवा

केतकी चौगुलेला एखादी गोष्ट उमजली, की तिची डावी भुवई उजवीच्या जराशी आधी उचलली जाई. फरक फार थोडा, पापणी लवायला लागतो तेवढाच. त्या भुवईत मधोमध एक बारीक खाच होती, रांगत्या वयात उंबऱ्यावर आपटल्याची खूण. भुवई वर गेली की ती खाच किंचित रुंद होई. सुनेत्रा मगदूम यांनी हे जूनमध्येच टिपलं होतं. भौतिकशास्त्र शिकून प्राथमिक शाळेत आलेल्या बाईंच्या नजरेला असे बारकावे आपोआप पडत. सगळा क्रमही त्यांना पाठ झाला होता. आधी केतकीच्या कपाळपट्टीवरचा दिवा उजळायचा, मग डावी भुवई, मग उजवी, आणि शेवटी बाकावरून अर्धवट उठत, "कळालं बाई."

दसऱ्यानंतर या क्रमातली पहिलीच पायरी गळाली. भुवया उचलल्या जात, उत्तरही येई, पण दिवा लागेना.

गडहिंग्लजला नदीच्या बाजूला असलेल्या त्या शाळेत चौथीचे दोन वर्ग होते. एक हत्तरकी सरांचा, भरगच्च. दुसरा प्रज्ञा वर्ग, त्यात निवडलेली बारा मुलं. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं, पण प्रज्ञा वर्ग सुरू झाला तेव्हा त्या दाराला कडी घालून पुढे लोखंडी कपाट उभं केलं होतं. कपाटात कपाळपट्ट्या असत. शिवाय पट्ट्यांचं मोजमाप शांततेत नीट होतं, असं पुण्याहून आलेल्या सूचनांत म्हटलं होतं, आणि हत्तरकी सरांच्या वर्गात शांतता अशी सहसा नसे.

पट्टीमागचं विज्ञान बाईंनी मुलांना पहिल्याच आठवड्यात एका टॉर्चवर शिकवलं होतं. खोली अंधारी करून टॉर्चवर तळहात धरला, की बोटं लालबुंद दिसतात, कारण तांबडा प्रकाश मांसातून पलीकडे पोचतो. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. कातडी आणि कवटी ओलांडून तो मेंदूच्या वरच्या थराला शिवतो आणि त्यातला थोडासा परत फिरतो. ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त हा प्रकाश एका तऱ्हेने शोषतं आणि वापरून झालेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेने. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. म्हणजे परत आलेला प्रकाश वाचला, की आत कुठे काम चाललंय ते कळतं.

इथवरचं जुनंच होतं. नवीन शोध काही वर्षांपूर्वीचा. एखादी गोष्ट उमजण्याच्या दोन-तीन श्वास आधी या रक्तप्रवाहात एक ठरावीक लाट उठते, माणसाला स्वतःला पत्ता लागायच्या आधीच. पट्टी ती लाट ओळखते आणि कपाळावर हिरवट पिवळा दिवा लावते. मुलांनी त्या दिव्याचं नाव ठेवलं काजवा. ज्यांचे काजवे चाचणीत सर्वांत जास्त वेळा चमकले ती बारा मुलं प्रज्ञा वर्गात आली. आणि त्यांतलं ज्याचं काजव्याचं मान सर्वांत खाली जाईल त्याने संक्रांतीनंतर बाहेर पडायचं, त्याच्या जागी प्रतीक्षेतलं मूल आत घ्यायचं, असा नियम होता.

नाव बाईंनी कळवायचं होतं. पुण्याचे समन्वयक डॉ. सबनीस दर सोमवारी फोन करून त्याची आठवण करून देत. माणूस सालस, आवाज कधी चढायचा नाही. बाई दर सोमवारी म्हणायच्या, बघते. आकडे तर स्वच्छ होते. केतकीचा काजवा जवळजवळ विझला होता. पट्टी बिघडली असेल म्हणून बाईंनी यंत्राची स्वतःची तपासणी दोनदा चालवून पाहिली. यंत्र दोन्ही वेळा म्हणालं, ठीक आहे. दुसऱ्याची पट्टी लावून बघावी असं एकदा मनात आलं, पण प्रत्येक पट्टी त्या त्या मुलाच्या कपाळाला जुळवलेली, ती बदलायची नाही, अशी ताकीद होती. बाई शिस्तीच्या. त्यांनी ती पाळली.

आणि नकळत त्यांनी आणखीही काही पाळायला सुरुवात केली. गटात अवघड कोडं द्यायचं झालं, की त्यांचा हात केतकीला ओलांडून पुढे जाई. तिच्या वाट्याला जरा सोपं येई. मुलीच्या भुवया त्या बघत होत्या, पण विश्वास ठेवत होत्या तो दिव्यावर.

मुलीला हे कळत नव्हतं असं नाही. डिसेंबरात एकदा मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. शाळेत गौरा कुराडे नावाची तिची जिवाभावाची मैत्रीण होती, हत्तरकी सरांच्या वर्गात. एरवी सुट्टी झाली की केतकी तीरासारखी तिच्याकडे पळायची. त्या दिवशी गौरा व्हरांड्यात थांबली होती आणि केतकी आत.

"बाई, काजवा मेलाय का मीच ढ झालो?"

त्या भागातल्या पोरींसारखी ती स्वतःबद्दल 'झालो', 'गेलो' असंच बोले. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसं काही नसतं असं काहीतरी सांगितलं. 'काहीतरी' हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलं. केतकीने मान हलवली. मग जाता जाता वळून म्हणाली, की आपल्याला काढलं तर निदान गौराशेजारी बसायला मिळंल. ती हसत होती, पण खाचेची भुवई जागची हलली नव्हती.

तरीही त्या वर्गात मजा होती, आणि सगळ्यांत जास्त मजा शनिवारी. शनिवारी दप्तर नसे. सकाळच्या शाळेत चुकांचा बाजार भरे. ही बाईंचीच कल्पना, पण बाजाराचं वळण पोरांनी दिलं. गडहिंग्लजच्या पोरांना मिरचीचे सौदे काही शिकवावे लागत नाहीत. प्रत्येकाने आठवड्यात केलेली आपली एक चूक विकायला आणायची. बाकीच्यांनी चिंचोक्यांत बोली लावायची. जो चूक विकत घेईल त्याने ती का झाली हे सगळ्यांसमोर उलगडून दाखवायचं. साध्या चुकांना गिऱ्हाईक नसे. बेरजेत हातचा विसरला, तर पोरं नाकं मुरडत आणि हा माल कालचा आहे म्हणत. चांगली चूक मात्र चढ्या भावाने जाई. मागच्या बाजारात केतकीने मैदानातल्या कडुनिंबाची उंची सावलीवरून काढली होती, ती हत्तरकी सरांच्या उंचीपेक्षा थोडीच जास्त भरली. काठीची सावली तिने सकाळी मोजली होती आणि झाडाची सावली मात्र खिचडी खाऊन आल्यावर. मधल्या वेळात सूर्य वर सरकला होता. त्या चुकीवर एवढी झुंबड उडाली, की पलीकडच्या खोलीतली पोरं व्हरांड्याच्या खिडकीला लोंबकळायला लागली.

त्यांना हाकलायला आलेले हत्तरकी सर स्वतःच खिडकीत उभे राहिले. शिकवण्यात वाकबगार, बोलण्यात खट्याळ, निवृत्तीला आलेला माणूस. म्हणाले, "काय ओ बाई, एवढा बाजार भरवताय आन् दार तेवढं बंद. आमच्या पोरांकडं चुकांचा काय तुटवडा हाय व्हय? गाड्या भरून देतो." बाई हसल्या आणि बघू म्हणाल्या. सरांना हे 'बघू' दिवाळीपासून ठाऊक होतं.

संक्रांतीआधीच्या शनिवारी डॉ. सबनीस पाहणीला आले. पस्तिशीतला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीवर पिशवी. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की नाव आता समोरासमोरच घेऊन जाईन. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. बाक लहान असल्याने त्यांचे गुडघे छातीशी आले आणि मुलं खुसखुसली.

त्या दिवशीचा उपक्रम होता न दिसणारा प्रकाश बघायचा. टीव्हीच्या रिमोटमधून अवरक्त प्रकाश निघतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसू शकतो. बाईंच्या नव्या फोनने मात्र काहीच दाखवलं नाही. नव्या कॅमेऱ्यांत तो प्रकाश गाळून टाकतात. जुना फोन हवा होता, आणि इतका जुना फोन साऱ्या शाळेत एकाकडेच होता. हत्तरकी सरांच्या त्या फोनची काच तडकलेली, पाठीला रबर बांधलेलं. सरांनी तो गौराच्या हाती पाठवला. मागोमाग तो नीट राहतोय ना हे बघायला स्वतः आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा वर्ग व्हरांड्यात जमा झाला. पाहुण्यांसमोर कुणाला हाकलायचं? बाईंनी दाराशी बसायला सांगितलं. पोरं दाराशी बसली आणि हळूहळू आत सरकली.

रिमोटचं बटण दाबलं, की फोनच्या पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुके. आता या प्रकाशाला काय अडवतं ते शोधायचं होतं. हळद लावलेल्या काचेतून तो सहज गेला. काळ्या थंड पेयाने भरलेला ग्लास आड धरला तेव्हा सगळ्यांनी अडणार म्हणून पैजा लावल्या, आणि ठिपका ग्लासातून तसाच लुकलुकत राहिला. खोलीत एकच गलका झाला. काळं म्हणजे काळंच असं नसतं, बाई म्हणाल्या, आपल्या डोळ्याला काळं ते या प्रकाशाला पाण्यासारखं असू शकतं. मग त्यांनी मेणबत्तीवर धरून काजळी चढवलेली काच पुढे केली. ठिपका गडप झाला. हे मात्र खरं काळं.

इरफान मुल्ला हा वर्गातला सर्वांत सावकाश मुलगा. त्याचा काजवा क्वचित लागे, पण लागला की बराच वेळ विझत नसे. तो इतका वेळ गप्प होता. आता त्याने कपाळपट्टी काढली, उलटी केली आणि फोन तिच्यावर धरला. पट्टीच्या आत दोन बारीक खळगे होते, प्रत्येकात काळ्या काचेची खिडकी. एकीतून प्रकाश जायचा, दुसरीतून परत घ्यायचा. पडद्यावर पहिल्या खिडकीत जांभळट ठिपका उमटला.

त्यानंतर पट्ट्या उतरवायला वेळ लागला नाही. अकरा जणांना आपापला ठिपका दिसला. फक्त केतकीच्या खिडकीत ठिपका नव्हता. काठाशी नखाएवढी कोर तेवढी उजळत होती.

केतकीने फोनकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. डावी भुवई उचलली गेली, मग उजवी. तिने करंगळी खळग्यात फिरवली आणि वर धरली. बोट काळं झालं होतं.

"काजळ हाय हे," ती म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. बाई तेवढ्या गौराकडे बघत होत्या. गौराने दोन्ही हात तोंडावर दाबले होते आणि डोळे मोठे झाले होते. बाईंनी तिला जवळ बोलावलं. मग सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला शाळेत तराजू, कंपास, संगणक, सगळ्यांची पूजा झाली होती. कपाळपट्ट्याही पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. गौरा रोज घरी धाकट्या भावाला काजळाची तीट लावायची. साऱ्या शाळेत तेव्हा एकच बोलणं होतं, की केतकीचा काजवा लई चमकतो.

"मग दृष्ट लागंल की, बाई. बाहेरनं लावली असती तर तुम्ही पुसली असती. म्हणून आतनं लावली."

काळ्या काचेवर काळं काजळ. खळग्यातलं, म्हणून कपाळाला घासलं नाही आणि दर आठवड्याच्या फडक्यालाही लागलं नाही. थोडा प्रकाश कडेने जात होता, म्हणून यंत्रालाही बिघाड वाटला नाही, मंद मुलगी वाटली. बाईंच्या मनात हे सगळं एका दमात जुळलं, आणि 'मंद मुलगी' या दोन शब्दांपाशी अडलं. यंत्राचं ठीक होतं. पण त्यांना स्वतःला भुवया दिसत होत्या.

गौरा रडायच्या बेतात होती. तेवढ्यात कुणीतरी मागून ओरडलं, "धा चिंचोके."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग दुसरा म्हणाला वीस. मग सौदा असा काही पेटला, की गौराचं रडू मागच्या मागे गेलं. एवढी मोठी चूक या बाजारात आजवर आली नव्हती. दाराशी बसलेल्या पोरांनी आपल्याकडे चिंचोके नाहीत म्हणून गोट्या आणि शेंगदाणे बोलीला काढले. हत्तरकी सर रबर बांधलेला फोन हातात नाचवत भाव पुकारत होते. शेवटी इरफानने आपली अख्खी पिशवी टेबलावर ओतली आणि चूक घेतली.

आता त्याने ती उलगडायची होती. त्याने पट्टी पुन्हा कपाळाला बांधली. त्याचा काजवा लागला आणि लागूनच राहिला. सबनीस बाकावरून पुढे झुकले होते.

"चूक गौराची न्हाई," इरफान सावकाश म्हणाला. "तिनं दिवा राखायला काजळ लावलं. दिवा गेला तवा आपण केतकीला इचारायचं, तर आपण पट्टीलाच इचारलं."

'आपण' म्हणताना तो कुणाकडेच बघत नव्हता. बाईंनी टेबलावरचा एक चिंचोका उचलला आणि मुठीत धरला.

पट्टी ओल्या कापसाने पुसून झाली. मुलं आपापल्या पट्ट्या पुन्हा बांधून खेळायच्या सुट्टीसारखी पांगली, कुणी रिमोटवर, कुणी पेयाच्या ग्लासावर. सबनीस बाईंपाशी आले. मोकळेपणाने हसत होते. तीन महिन्यांचे आकडे दुरुस्त करून घेऊ म्हणाले, मुलीवर अन्याय टळला म्हणाले. मग आवाज खाली आणला. केतकी आता यादीत वर जाईल. पण नियमाप्रमाणे कुणीतरी तळाशी असणारच, आणि तो इरफान मुल्ला. एक बाहेर गेल्याशिवाय प्रतीक्षेतलं मूल आत कसं येणार? त्या मुलाचाही हक्क आहेच.

म्हणणं चूक नव्हतं, आणि बाईंना तेच दिवाळीपासून छळत होतं. जागा बाराच असतील, तर प्रत्येक वेळी कुणाला तरी ढकलूनच दुसऱ्याला घ्यावं लागणार. हिशोब बिनचूक होता. बाई खिडकीकडे वळल्या.

खिडकीखाली केतकी आणि गौरा फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. पट्टी कुणाच्या कपाळाला जुळवलेली आहे याची तमा न बाळगता केतकीने ती गौराला बांधली होती, आणि खडूने फरशीवर काठी, झाड आणि दोन सावल्या काढून काहीतरी सांगत होती. गौरा मान वाकडी करून ऐकत होती, मध्येच नाही नाही म्हणून केतकीचा खडू काढून घेत होती, आपली रेघ मारत होती. केतकीने तिसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. दोघी खडूच्या रेघांवर वाकल्या.

गौराच्या कपाळावरचा काजवा मंद उजळला. आणि समोर केतकीची डावी भुवई उचलली गेली, मग उजवी.

आधी दिवा, मग भुवया. क्रम जुनाच होता, फक्त कपाळं दोन होती.

"कळालं," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि कुणाला आधी कळालं यावरून भांडायला लागल्या.

इरफान त्यांच्या जवळ जाऊन बसला. त्याच्या मागे दाराशी बसलेल्यांतली दोघं-तिघं सरकली. मग आणखी. बाईंच्या खोलीत एवढी मुलं कधी बसली नव्हती, एवढा गोंगाटही कधी झाला नव्हता. आणि त्या गोंगाटात काजवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. बाईंनी असं चित्र सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. सबनीसांनीही ते बघितलं असावं, कारण हातातला फोन त्यांनी खिशात टाकला होता.

"मॅडम, नाव," तरीही ते म्हणाले, पण अगदी हळू.

सुनेत्राबाईंनी मूठ उघडली. चिंचोका घामाने ओला झाला होता. तो त्यांनी इरफानच्या ढिगात परत ठेवला.

"नाव नाही देणार मी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला, आणि खोली शांत झाली. "कुणाचंच नाही. ज्याला आत यायचंय त्याच्यासाठी कुणाला बाहेर जायला नको. बारा पट्ट्या आहेत, त्या आळीपाळीने सगळे लावतील." मग त्या कपाटाकडे वळल्या. "हत्तरकी सर, जरा हात लावा याला. सोमवारपासून हे मधलं दार उघडं राहील."